आईबापाला आत घेणारा अतिदक्षता विभाग : ४५ दिवसांचा अनुभव

आमचा मुलगा २९ आठवडे आणि ३ दिवस पूर्ण झाले असताना जन्मला. त्याचे वजन १,१४० ग्रॅम भरले आणि आयुष्यातील पहिले ५१ दिवस त्याने रुग्णालयात काढले. त्यांतले ६ दिवस तो आमच्या जिल्ह्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयात होता आणि पुढचे ४५ दिवस पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात होता. हे परीक्षण त्या दुसऱ्या विभागाचे आणि घरी आल्यानंतरही त्यांच्याकडेच चालू असलेल्या तपासण्यांचे आहे. दोन्ही ठिकाणांबद्दल तक्रारीही लिहायच्या असल्याने नावे दिलेली नाहीत. ज्यांचे बाळ आज ‘पेटीत’, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, आहे त्यांना नावापेक्षा काय पाहावे आणि काय विचारावे, हे कळण्याची गरज अधिक असते, असे मला वाटते.

पहिल्या रुग्णालयाने जे चांगले केले ते आधी सांगतो. माझ्या पत्नीचा रक्तदाब सातव्या महिन्यात एकाएकी वाढला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी तो औषधांनी दोन दिवस आवरून धरला आणि तेवढ्या अवधीत बाळाच्या फुप्फुसांसाठी द्यायची स्टिरॉइडची इंजेक्शने पूर्ण केली. जन्मल्यावर बाळाला सर्फॅक्टंटही वेळेवर मिळाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत हा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो आणि त्यामुळे श्वास सोडला की हवेच्या बारीक पिशव्या मिटून जातात. ती दोन कामे झाली नसती तर मी हे लिहिण्याच्या स्थितीत नसतो. मात्र त्या सहा दिवसांत आम्ही बाळाचे कोणी आहोत, असे आम्हाला एकदाही वाटले नाही. संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटे, काचेच्या बाहेरून आणि तेही एकानेच बघायचे, असा तेथला नियम होता. शस्त्रक्रियेमुळे पत्नी वरच्या मजल्यावर होती आणि तिने मुलाला पहिल्यांदा पाहिले ते चौथ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पावडरच्या दुधाच्या डब्याची चिठ्ठी आली. आईचे दूध काढून आणू का, असे विचारल्यावर “आता कुठे येणार दूध, नंतर बघू” एवढेच उत्तर मिळाले. सहाव्या दिवशी तेथील बालरोगतज्ज्ञांनीच, पुढची डोळ्यांची आणि मेंदूची तपासणी व दीर्घ मुक्काम यांसाठी मोठ्या विभागात हलवा, असा सल्ला दिला. तो सल्ला प्रामाणिक होता.

पुण्यातील विभागात रुग्णवाहिका पोहोचली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाळाला आत घेतल्यावर अर्ध्या तासाने एक सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, चपला काढा, अंगठी आणि घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा आणि आत या.” हात कसे धुवायचे हे त्यांनी स्वतः धुऊन दाखवले. आत गेल्यावर पेटीच्या गोल झडपेतून माझा हात बाळाजवळ नेऊन त्या म्हणाल्या, “कुरवाळू नका. एक हात डोक्यावर आणि एक पायांवर नुसता ठेवा. त्याला गर्भात असल्यासारखं वाटतं.” माझ्या तळहाताखाली त्याचे पूर्ण डोके मावले होते आणि श्वासागणिक बरगड्यांखाली पडणारा खळगा बोटांना कळत होता. जन्मल्यापासून सातव्या रात्री मी मुलाला पहिल्यांदा हात लावला. या विभागाला मी पाचपैकी जे काही गुण देईन, त्यांतले निम्मे त्या एका प्रसंगाचे आहेत.

येथे आईवडिलांना चोवीस तासांत कधीही आत येता येते. फक्त सकाळच्या राउंडच्या वेळी दुसऱ्या बाळावर काही प्रक्रिया चालू असेल तर थोडे थांबावे लागते. आजी-आजोबांना रविवारी काचेतून बघता येते आणि इतर नातेवाइकांना प्रवेश नाही. आमच्याकडच्या काही मंडळींना त्याचा राग आला, पण जंतुसंसर्ग हा या बाळांचा सर्वांत मोठा वैरी असतो हे ४५ दिवस तेथे बसून पाहिल्यावर मला तो नियम पूर्ण पटला आहे. आईवडील म्हणजे भेटायला आलेले पाहुणे नव्हेत, ते उपचाराचाच एक भाग आहेत, ही या विभागाची भूमिका आहे आणि ती भिंतीवरच्या फलकापुरती नाही. लंगोट बदलणे, तापमान घेणे, नळीतून दूध जात असताना सिरिंज धरणे ही कामे आम्हाला दुसऱ्याच आठवड्यापासून शिकवली गेली.

दुधाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पहिल्या ठिकाणी आमचे सर्वांत मोठे नुकसान तेथे झाले होते. सहा दिवसांत पत्नीने दूध काढलेच नव्हते आणि त्यामुळे ते आटत चालले होते. येथे दाखल झाल्याच्या दुसऱ्या सकाळी स्तनपान समुपदेशक ताईंनी तिला दूध काढण्याच्या खोलीत नेले, आधी हाताने आणि मग यंत्राने दूध कसे काढायचे ते शिकवले आणि दिवसातून आठ वेळा, त्यांत एक वेळ मध्यरात्रीनंतरची, असा क्रम लावून दिला. रात्री दूध तयार करणारे संप्रेरक जास्त असते, म्हणून रात्रीची वेळ चुकवायची नाही, हे त्यांनी कारणासह सांगितले. पहिल्या वेळी वाटीच्या तळाशी जेमतेम ४ मिली दूध जमले. पत्नीला ते दाखवायलाही संकोच वाटत होता. सिस्टरांनी वाटी तिरकी करून कडेला लागलेला थेंबही सिरिंजमध्ये ओढून घेतला आणि सांगितले की बाळाला दर दोन तासांनी २ मिलीच द्यायचे आहे, म्हणजे हे दोन वेळचे झाले. त्या हिशोबाने तिला जो धीर आला तो आमच्या कोणाच्या सांगण्याने आला नव्हता.

तिचे दूध पुरेसे होईपर्यंतचे चार दिवस बाळाला दुग्धपेढीतील दूध मिळाले. मानवी दुधाची पेढी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू झाली. तरीही “दुसऱ्या बाईचे दूध?” हा प्रश्न आमच्या घरात उमटलाच आणि तो माझ्याही मनात आला होता, हे कबूल करतो. पेढीतील ताईंनी शांतपणे माहिती दिली. दूध देणाऱ्या माता आपल्या बाळाला पाजून उरलेले दूध देतात, त्यांच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी वगैरेंसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून थंड केले जाते आणि त्यात जंतू वाढत नाहीत याची खात्री झाल्यावरच ते वापरतात. पावडरच्या दुधापेक्षा मातेच्या दुधावर असलेल्या अशा बाळांमध्ये आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा घातक आजार कमी आढळतो, हे कारण ऐकल्यावर आमच्या आईनेही पुढे काही विचारले नाही. पुढे पत्नीचे दूध वाढले तेव्हा तिने त्याच पेढीला जास्तीचे दूध दिले.

आठव्या दिवशी कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईवडिलांच्या उघड्या छातीवर ठेवणे, सुरू झाली. तेव्हा बाळाचे वजन घटून १,०३० ग्रॅमवर आले होते आणि नाकात सीपॅपच्या, म्हणजे श्वासासाठी हवेचा हलका दाब देणाऱ्या यंत्राच्या, नळ्या होत्या. एवढ्या नळ्यांसह त्याला पेटीतून बाहेर काढणार या विचाराने आम्ही दोघेही घाबरलो. डॉक्टर मॅडमनी आम्हाला पेटीजवळ उभे राहून समजावले की ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली, पण आज ती पेटीला पर्याय म्हणून नव्हे तर स्वतंत्र उपचार म्हणून दिली जाते. पाच देशांतील रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचे सफदरजंगही होते, एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच ही पद्धत सुरू केल्याने मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले होते. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसातून ८ ते २४ तास कांगारू पद्धत द्यावी, असे सांगते. पहिल्या रुग्णालयातील ते सहा दिवस मला त्या क्षणी पुन्हा आठवले आणि अजूनही आठवतात.

पद्धत साधी आहे, पण ती नीट शिकावी लागते. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. त्याला आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवायचे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासनलिका दुमडत नाही. वरून मऊ सुती कापडाची झोळी घट्ट बांधायची. विभागाच्या झोळ्या धुण्यात गेलेल्या असत तेव्हा पत्नी आमच्या आजीच्या जुन्या लुगड्याचा फाडलेला पट्टा वापरत असे आणि सिस्टरांनी तो उकळून, इस्त्री करून आणायला सांगितला होता. पत्नी दूध काढायला किंवा जेवायला गेली की बाळ माझ्या छातीवर येई. पहिल्या दिवशी मी तासभर श्वासही जपून घेत होतो. मॉनिटरवर बाळाच्या हृदयाचे ठोके १७० च्या पुढे होते, ते वीस-पंचवीस मिनिटांत १५० च्या खाली उतरले आणि मूठ सैल होऊन त्याची बोटे माझ्या छातीवर पसरली. तेथील आरामखुर्च्या चांगल्या आहेत, मात्र बारा बाळांमागे सातच असल्याने दुपारी वाट पाहावी लागते.

मॉनिटरबद्दल एक गोष्ट नव्या पालकांना आधीच माहीत असावी. अपुऱ्या दिवसांचे बाळ मध्येच श्वास घ्यायचे थांबते, कारण मेंदूतील श्वासाचे केंद्र अजून परिपक्व झालेले नसते. त्यासाठी त्याला कॅफीनचे औषध चालू असते. तरीही दिवसातून पाच-सहा वेळा यंत्र ओरडते, सिस्टर येऊन तळपायाला हलकीशी टिचकी मारतात आणि बाळ पुन्हा श्वास घेऊ लागते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझ्या पायांतले बळ गेले होते. रक्तातील ऑक्सिजन १०० का नाही, असेही मी रोज विचारत असे. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या या बाळांत तो मुद्दाम ९० ते ९५ च्या दरम्यान राखतात, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यावरील कोवळ्या रक्तवाहिन्यांना अपाय होतो, हे चौथ्यांदा विचारल्यावरही तितक्याच नीटपणे सांगणारे निवासी डॉक्टर येथे भेटले.

त्या डोळ्यांच्या आजाराची, म्हणजे आरओपीची, तपासणी या विभागात चुकत नाही. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात आणि १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे त्याही आधी, दोन ते तीन आठवड्यांत. आमच्या मुलाची पहिली तपासणी विसाव्या दिवशी झाली. पापण्या चिमट्याने उघड्या ठेवून होणारी ती तपासणी पाहवत नाही, पण वेळेवर कळले तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते आणि उशीर झाला तर फारसे काही करता येत नाही. त्याच्या डोळ्यांत पहिल्या टप्प्याचा दोष निघाला, तो दर आठवड्याला पाहिला गेला आणि आपोआप मावळला. टाळूवरून केलेली मेंदूची सोनोग्राफीही तीनदा झाली आणि प्रत्येक वेळी अहवाल आम्हाला मराठीत समजावून सांगितला गेला. तुमचे बाळ कोठेही दाखल असो, डोळ्यांची पहिली तपासणी कोणत्या तारखेला आहे, हे स्वतः विचारून ठेवा.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोपर्यंत दूध तोंडावाटे पोटात सोडलेल्या नळीतून जाते आणि मधल्या काळात पलाडीने पाजतात. पलाडी म्हणजे आपले बोंडलेच. आमच्या आईने घरचे चांदीचे बोंडले, ज्याने मी आणि माझी बहीण दोघेही दूध प्यायलो, मोठ्या हौसेने पाठवले. सिस्टरांनी ते हातात घेऊन कौतुकाने पाहिले आणि तोटी बंद नळीची असल्याने आतून घासता येत नाही, म्हणून येथे उघड्या तोटीचेच स्टीलचे वापरू, असे सांगितले. आईला कळवायला त्यांनी स्वतः फोन घेतला. अशी माणसे कामावर असणे हे कोणत्याही यंत्रसामग्रीपेक्षा मोठे आहे.

आता उणिवा. खर्चाची बाजू या रुग्णालयाला नीट हाताळता येत नाही. रक्कम भरण्याची चिठ्ठी दर तीन दिवसांनी येते आणि दोनदा ती दूध काढत बसलेल्या माझ्या पत्नीच्या हातात दिली गेली. त्या दोन्ही दिवशी तिचे दूध कमी आले. ही गोष्ट लेखापालांना क्षुल्लक वाटली, मला वाटत नाही. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. या योजनेसाठी समाजसेवा अधीक्षकांचे कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, हे आम्हाला बाराव्या दिवशी शेजारच्या बाळाच्या वडिलांनी सांगितले. ही माहिती दाखल करून घेतानाच द्यायला हवी. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाचा विचार आधी करावा, तेथे उपचार मोफत असतात. वडिलांना रात्री पाठ टेकायला जागा नाही. मी बहुतेक रात्री जिन्याखालच्या बाकावर काढल्या. घरी सोडतानाचे कार्ड पूर्ण इंग्रजीत आहे आणि त्यावरील औषधांचे थेंब, मिली व वेळा यांचा अर्थ लावताना शेजारच्या गावाहून आलेल्या एका आईची तारांबळ मी पाहिली. तिला ते मी मराठीत लिहून दिले, पण ते काम रुग्णालयाचे होते.

एक्कावन्नाव्या दिवशी, १,८७० ग्रॅम वजनावर, आम्ही घरी आलो. सोडण्याआधी दोन रात्री पत्नीला बाळासह वेगळ्या खोलीत ठेवून सर्व काही तिच्याकडूनच करून घेतले गेले आणि श्वास अडकल्यास काय करायचे याचा सराव आम्हा दोघांकडून बाहुलीवर करून घेतला. घरी आल्यावर खरी परीक्षा लागते ती आप्तेष्टांपुढे. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी हवीच. अशा बाळाच्या फुप्फुसांना धूर अजिबात चालत नाही, हे विभागातील डॉक्टरांनी माझ्या आईला समोर बसवून सांगितले होते. ते मी सांगितले असते तर तिने ऐकले नसते. पावसाचे दिवस होते, म्हणून ऊब कांगारू पद्धतीनेच दिली. वजन अडीच किलो होऊन तो झोळीतून धडपडू लागेपर्यंत ती रोज चालू होती. बारसे तीन महिने पुढे ढकलले. गावातल्या आशाताई वजन करायला येत, तेव्हा दारातच हात धूत. त्यांना हे कोणी सांगावे लागले नाही.

पाठपुराव्यातील सर्वांत उपयोगी शिकवण सुधारित वयाची होती. आमचा मुलगा साधारण अडीच महिने आधी आला, म्हणून त्याची वाढ मोजताना जन्मतारखेपासूनच्या वयातून ते अडीच महिने वजा करायचे आणि हा हिशोब दोन वर्षांपर्यंत धरायचा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. सहा महिन्यांचा झाला तरी पालथा पडत नाही म्हणून घरात काळजी सुरू झाली होती, तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताईंनी चटईवर बसून त्याची मान, खांदे आणि टाचा तपासल्या आणि तो साडेतीन महिन्यांच्या बाळाला साजेसेच सर्व करतो आहे, हे दाखवून दिले. पाच महिन्यांच्या सुधारित वयाला तो पालथा पडला. कानांची बेरा तपासणी झाली, ती ठीक आली. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब पुढेही चालू राहिले.

या पाठपुराव्यातील मोठा दोष म्हणजे रांग. ज्या बाळांना सर्दी-खोकल्यापासून जपा, असे हाच विभाग सांगतो, त्यांनाच तपासणीसाठी सर्वसाधारण बालरोग विभागात, तापाने फणफणलेल्या मुलांच्या शेजारी दोन-दोन तास बसावे लागत होते. दुसऱ्या भेटीनंतर मुलाला श्वासनलिकेचा दाह होऊन चार दिवस पुन्हा ऑक्सिजन लागला. तो संसर्ग तेथेच झाला असे मी म्हणू शकत नाही, पण ती शक्यता ठेवायलाच नको होती. मी तक्रारपेटीत दोन कागद टाकले, एक या रांगेबद्दल आणि दुसरा मराठी कार्डाबद्दल. दोन्हींवर माझा दूरध्वनी क्रमांक लिहिला होता.

मी पाचपैकी चार गुण देतो. मुलगा आज १५ महिन्यांचा, म्हणजे सुधारित वयाने साडेबारा महिन्यांचा आहे, आणि भिंत धरून चालतो. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा अशा बाळांसाठी गुरुवारी दुपारी वेगळी खोली आणि वेगळी वेळ ठेवलेली आढळली. पहिल्या रात्री मला हात धुवायला शिकवणाऱ्या सिस्टर तेथे होत्या. त्यांनी त्याला उचलले नाही, आधी बेसिनकडे जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि मग उचलले. घरी सोडतानाचे कार्ड अजून इंग्रजीतच आहे.